बिरादार सर आणि लेफ्ट विंगची जागा

नांदेड, औरंगाबाद आणि हैदराबादच्या कॉलेजांतल्या फुटबॉल संघांत कोणता खेळाडू यंदा शेवटच्या वर्षाला आहे, हे बिरादार सरांना तोंडपाठ असायचं. त्यातल्या बहुतेक पोरांना त्यांनी कधी पाहिलेलंही नसे. उदगीरच्या आमच्या शाळेत पी.टी.च्या तासाला आम्ही रांगेत उभे असायचो आणि सर शिट्टी गळ्यात अडकवून सांगायचे, "नांदेडला अमुक कॉलेजचा गोलकीपर बी.कॉम. फायनलला हाय. मार्चात सुटला. म्हंजे जूनमधी त्येंचा गोल उघडा पडनार. आता मला सांगा, आपला गोलकीपर कोन हाय?" मग रांगेतलं एखादं पोरगं बावचळून हात वर करायचं. सर त्याच्याकडे असे बघायचे, जणू ते आत्ताच नांदेडच्या गोलमध्ये जाऊन उभं राहिलं आहे.

ही माहिती ते मिळवायचे कशी, तर पोस्टकार्डांवर. त्यांच्या हाताखालून कॉलेजला गेलेल्या प्रत्येक मुलानं दर दिवाळीला आणि दर परीक्षेआधी सरांना एक पोस्टकार्ड टाकायचं, असा दंडक होता. खुशाली लिहिली नाही तरी चालेल. संघात कोण कोणत्या जागेवर खेळतो, कोण पास होऊन बाहेर पडतो, कोणाचा गुडघा गेला, एवढं मात्र लिहायचंच. सरांच्या घरी टेबलाच्या खणात अशी कार्डं गावांप्रमाणे दोऱ्यानं बांधून ठेवलेली होती.

"कालेजाला चांगला खेळाडू नको असतो," सर म्हणायचे. "कालेजाला रिकामी जागा भरायची असती. तुम्ही त्या जागेच्या मापाचं व्हा. मग प्राचार्य सोता फी माफ करतोय, होस्टेलात खाट देतोय, मेसचं जेवन देतोय. आन् न्हाई झालात, तर मॅरेडोना असलात तरी तुमच्या घरी."

सर उंचीनं बेताचे, रंगानं सावळे, पायांना किंचित बाक. कपाळावर भस्माचा पट्टा सकाळी ठळक असायचा, संध्याकाळपर्यंत घामानं पुसून जायचा. घरची शेती होती, उदगीरपासून पायी दीड तासावर गाव. फुटबॉल त्यांना हैदराबादनं दिला. शिकायला तिथे गेले, चार वर्षं खेळले आणि मग शाळेत नोकरीला लागले. त्या काळी आमच्या भागात खेळ म्हणजे कबड्डी आणि कुस्ती. फुटबॉल म्हटलं की पालक विचारायचे, "ते लाथा मारायचं? त्यानं काय मिळतंय?" सर शांतपणे उत्तर द्यायचे, "बी.ए. मिळतंय."

माझी त्यांची गाठ आठवीत पडली. माझे वडील, आम्ही त्यांना बा म्हणायचो, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल होते. आम्ही बौद्ध वस्तीत राहायचो. मी मैदानाच्या कडेला उभा होतो, चेंडू माझ्याकडे घरंगळत आला आणि मी तो डाव्या पायानं परत मारला. सरांनी खेळ थांबवला.

"जेवतूस कोणत्या हातानं?"

"उजव्या."

"लिहितूस?"

"उजव्यानंच."

"मंग लाथ डाव्यानं कामून मारलीस?"

मला कारण माहीत नव्हतं. सरांनाही कारणाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी माझं नाव विचारलं. मी सिद्धार्थ म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "सिद्धार्थ, सगळं जग उजव्या पायाचं हाय. म्हनून हरेक संघात लेफ्ट विंगवर कुनीतरी उसना मानूस उभा असतोय. ही जागा कायम रिकामी. ही तुझी."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला उजव्या पायात एक बूट घालायला लावला. तो दोन नंबर मोठा होता, पुढे चिंधी कोंबलेली. डावा पाय अनवाणी. उजव्यानं मारायला गेलो की बूट चेंडूबरोबर उडून जायचा आणि पोरं हसायची. सहा महिने मी तसा खेळलो. सहा महिन्यांनी माझा डावा पाय माझ्यापेक्षा हुशार झाला होता.

पण सरांचं अर्धं शिक्षण मैदानाबाहेर चालायचं. प्रत्येक खेळाडूची एक कापडी पिशवी असे. तिच्यात प्रमाणपत्रं, त्यांच्या सत्यप्रती, गुणपत्रिका आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलेला अर्ज. "मास्तरानं लिहिलेला अर्ज प्राचार्य वळखतोय," सर म्हणायचे, आणि आमच्याकडून तो आठ-आठ वेळा लिहून घ्यायचे. शिवाय शनिवारी सकाळी सराव नसायचा, गणित असायचं. सरांना स्वतःला गणित फार येत नव्हतं, म्हणून ते गणिताच्या मास्तरांना घेऊन यायचे आणि स्वतः मागच्या बाकावर बसायचे. "पायानं दार उघडतंय," ते सांगायचे, "पर आत बसायला मॅट्रिक पास लागतंय. नापास फॉरवर्डला कालेज पानी बी इचारत न्हाई."

मी नववीत असताना लातूर वेगळा जिल्हा झाला. तोवर आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यातले. गावात मोठा जल्लोष झाला, पेढे वाटले गेले, दुकानांच्या पाट्यांवरचा जिल्हा बदलला. लोक कलेक्टर कचेरी जवळ आली, कोर्ट जवळ आलं, यावर बोलत होते. बिरादार सर मात्र वेगळ्याच कारणानं खूश होते. त्या दिवशी मैदानावर त्यांनी आम्हाला गोल बसवलं.

"जिल्हा झाला म्हंजे काय झालं?" त्यांनी विचारलं.

कुणी म्हणालं कलेक्टर आला, कुणी म्हणालं मोठा दवाखाना येणार.

"आरं, ते येतंय तवा येईल. आपल्याला काय आलं? आतापतुर एका जिल्ह्याचा एकच संघ औरंगाबादला जायचा, विभागाला खेळायला. आता दोन जानार. जितक्या पोरांच्या हातात विभागाचं सर्टिफिकेट यायचं, त्याच्या दुप्पट येनार. सरकारनं रेघ मारली, आन् एक अख्खी टीम जन्माला आली बघा."

उभ्या मराठवाड्यात नव्या जिल्ह्याचा असा अर्थ लावणारा दुसरा माणूस असेल असं मला वाटत नाही.

पुढच्या वर्षी मी दहावीत गेलो आणि पावसानं दगा दिला. मृगात थोडं शिंतोडलं, पेरण्या झाल्या आणि मग आभाळ कोरडं पडलं. मोंढ्यात माल येईना. बा सकाळी डोक्याला फडकं गुंडाळून जायचा आणि दुपारी तसाच परत यायचा, फडक्याला धूळसुद्धा लागलेली नसायची. माय रोजगार हमीवर तलावाच्या कामाला जाऊ लागली. शाळेच्या मैदानावर गुरांची छावणी पडली. जिथे गोलपोस्ट होते तिथे कडब्याची गंज आणि सेंटरला पाण्याचा हौद. सरांचे स्वतःचे दोन बैल त्याच छावणीत होते. सर पहाटे येऊन आधी बैलांच्या पाठीवरून हात फिरवायचे, मग आम्हाला घेऊन गावाबाहेरच्या तलावाकडे निघायचे.

तलाव आटला होता. मधल्या चिखलाची वाळून फरशी झाली होती, आणि त्या फरशीला भेगा. पाय अडकला तर घोटा मोडणार. आम्ही पंधरा दिवस पाट्यांनी वाळू आणून भेगा बुजवल्या. कडेच्या कामावरच्या बाया आमच्याकडे बघून हसायच्या, "आमाला त्याचे पैसे मिळत्यात, तुमाला काय मिळतंय गं बाई?" त्यांत माझी मायही असायची. सर तिला लांबूनच हात जोडायचे.

पाणी एक घागर. सराव संपला की प्रत्येकाला एक पेला. "तोंड धुयाचं न्हाई, नरडं ओलं करायचं," हा नियम. एकच पेला सगळ्यांच्या हातातून फिरायचा, आणि सरांचा नंबर शेवटी. कधीकधी त्यांच्यापर्यंत घागर रिकामी व्हायची. मग ते म्हणायचे, "चला, मला घरी चहाच प्यायचा हाय."

त्या हिवाळ्यात नव्या जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा लातूरला झाल्या. सतरा वर्षांखालचा गट. आम्ही अंतिम सामन्यात पोहोचलो आणि शेवटच्या काही मिनिटांत मी डावीकडून आत घुसून गोल केला. एक-शून्य. आमचा राइट हाफ श्रीरंग मला खांद्यावर घेऊन धावला. तो माझा जवळचा मित्र, दहावीतच. सर लाईनबाहेर तसेच उभे होते. त्यांनी हसून फक्त मान हलवली. औरंगाबादला आम्ही जाणार होतो. विभागाचं सर्टिफिकेट अकराजणांच्या पिशवीत पडणार होतं.

दुसऱ्या दिवशी हरलेल्या शाळेनं हरकत घेतली. लेफ्ट विंगरचं वय जास्त आहे, असं त्यांचं म्हणणं. आयोजकांनी आठ दिवसांत पुरावा मागितला.

आमचे हेडमास्तर म्हणाले, "शाळेच्या रजिस्टरात सोळा चालू आहे. उतारा देऊ आणि विषय संपवू." ते पुरेसंही होतं. पण सर म्हणाले, "कागद आपल्याच शाळेचा. आपनच आपली साक्ष दिल्यावर लोक बोलनारच. मी पोराच्या जन्माची नोंदच आनतो. येकदाची तोंडं बंद करू."

त्यांची खात्री होती. माझीही होती. माझा जन्म बाच्या मूळ गावचा. तिथली जुनी जन्म-मृत्यूची वही तालुक्याला, तिथून उस्मानाबादला आणि आता नवा जिल्हा झाल्यावर बाकीच्या दप्तराबरोबर लातूरला आलेली. सर रजा टाकून लातूरला गेले. दोन दिवस ते रेकॉर्डच्या खोलीत गठ्ठे सोडून बघत बसले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते थेट आमच्या घरी आले.

सर आमच्या वस्तीत त्याआधी आले नव्हते असं नाही. पण त्या दिवशी ते दारातच उभे राहिले. मायनं पोतं अंथरलं तेव्हा बसले.

"सिद्धार्थ," ते म्हणाले, "वही घावली. तू सतराच्या वर चार महिने हायस."

मला काही कळेना. बानं सांगितलं की मला शाळेत घातलं ते उशिरा, आम्ही कामासाठी गावोगाव हिंडत होतो म्हणून. मास्तरांनी विचारलं वय किती, बा म्हणाला तुमीच बघून लिव्हा. मास्तरांनी माझ्याकडे बघून एक जूनची तारीख लिहून टाकली. मी लहानखुरा होतो. दीड वर्ष कमी लागलं.

"मंग आता?" बानं विचारलं.

"मी ते उद्या आयोजकांना देनार."

"तुमाला कुनी सांगितलं होतं हुडकायला?"

"कुनी न्हाई."

"शाळेचा कागद चालत होता न्हवं?"

"चालत होता."

सर उठले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेले, मी डोकं बाजूला घेतलं.

सर गेल्यावर बा उंबऱ्यात जाऊन बसला. मग एकच वाक्य बोलला. "पाटलाचं पोरगं असतं, तर ती वही घावली नसती."

ते वाक्य माझ्या मनात रुतलं. सरांनी कागद दिला. आमचा विजय रद्द झाला, दुसरी शाळा औरंगाबादला गेली. मिळालेली प्रमाणपत्रंही सरांनी गोळा करून परत पाठवली. शाळेत पोरं माझ्याशी बोलेनात, जणू मी जाणूनबुजून आधी जन्माला आलो होतो. श्रीरंगनं एकदा माझी कॉलर धरली, मग सोडली आणि म्हणाला, "तुझी न्हाई, त्यांची धरायला पायजे." शिक्षकांच्या खोलीतही सरांशी कुणी नीट बोलत नव्हतं, हे नंतर कळलं. हेडमास्तरांनी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं होतं, "काय मिळवलंत?"

मी तलावाकडे जायचं बंद केलं. सरांनी मला बोलावणं पाठवलं नाही, समजूत घातली नाही. फक्त शनिवारी सकाळी गणिताचे मास्तर आमच्या वस्तीत येऊ लागले. समाजमंदिराच्या ओट्यावर ते मला आणि आणखी तिघांना शिकवायचे. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही, पण दूर रस्त्याच्या वळणावर, बाभळीखाली, सायकलला टेकून सर उभे असलेले दिसायचे. माय म्हणायची, "जा की, बोल त्यांच्याशी." मी गणितात डोकं घालायचो.

मी दहावी पास झालो. गणितात पन्नासच्या वर गुण पडले. निकालाच्या आठवडाभरानं सर पुन्हा दारात आले.

"उद्या सकाळच्या गाडीनं नांदेडला जायाचं. पिशवी घी. अर्ज सोता लिव्ह."

"माझ्या पिशवीत काय हाय, सर?" मी म्हणालो. इतक्या महिन्यांत त्यांच्याशी मी पहिल्यांदा बोलत होतो. "सर्टिफिकेट तर तुम्हीच परत दिलं."

"गुनपत्रिका हाय ना? आन् डावा पाय हाय. तिथला लेफ्ट विंगर सुटला एप्रिलात."

मी जाणार नव्हतो. मायनं सकाळी भाकरी बांधून हातात दिली आणि दार लावून घेतलं, म्हणून गेलो.

एस.टी.त मी खिडकीकडे तोंड करून बसलो, सर शेजारी. वाटेत सगळी रानं काळी, उघडी. एके ठिकाणी गाडी थांबली तेव्हा सरांनी दोन कप चहा आणला, एक मला दिला. मी घेतला. एवढंच.

त्या कॉलेजचे क्रीडाशिक्षक कादरी सर म्हणून होते. आडवा बांधा, मेंदी लावलेली दाढी. मैदानावर तीस-पस्तीस पोरं निवड चाचणीला आली होती. अकरावीसाठी दोन जागा होत्या, फी माफ, होस्टेल, जेवण. बाकीच्या पोरांच्या हातात प्रमाणपत्रांच्या जाड फायली. कुणी विभाग खेळलेला, एकदोघं राज्य खेळलेले. बिरादार सरांनी कादरी सरांच्या हातात एक बंद पाकीट दिलं आणि मैदानाच्या पार टोकाला जाऊन कडुलिंबाखाली बसले.

कादरी सरांनी पाकीट फोडून वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बिरादार का पोट्टा है क्या रे तू?"

"जी."

"पढ़ना आता? ये पढ़." त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं.

ते पत्र आजही माझ्याकडे आहे. पुढे कादरी सरांनीच ते मला देऊन टाकलं. त्यात लिहिलं होतं:

"या मुलाकडे जिल्हा पातळीचे प्रमाणपत्र नाही. ते होते, मी परत केले. मुलाचे वय चार महिन्यांनी जास्त निघाले. तो पुरावा मी स्वतः शोधून दिला. मुलाला त्याचे खरे वय ठाऊक नव्हते, चूक दाखल्याची आहे. माझ्यामुळे या मुलाचे व त्याच्या दहा सोबत्यांचे नुकसान झाले आहे. तो माझ्यावर नाराज आहे व ते योग्य आहे. माझ्या शब्दावर त्याला घेऊ नये. फक्त वीस मिनिटे त्याला लेफ्ट विंगवर उभे करावे."

मी वाचून मान वर केली. लिंबाखाली सर पाठमोरे बसलेले होते.

कादरी सर म्हणाले, "इधर हर साल कागज़ां आते रे. सब के सब सच्चे दिखते. कौन सा झूठा है, मेरे को क्या मालूम? पर जो मास्टर अपनी जीती हुई टीम अपने हाथ से हराया, उसका कागज़ मैं आँख मूँद के मानता." आणि मग आवाज बदलून, "पर बीस मिनट खेलना तेरे कू ही पड़ेगा. चल."

मी वीस मिनिटं खेळलो. सहा महिने चेंडूला पाय लावलेला नव्हता, पहिली पाच मिनिटं नुसता धावत राहिलो. मग एक लांब पास डावीकडे आला आणि पायाला आपोआप सगळं आठवलं. त्यानंतर मी काय काय केलं ते सांगत नाही, मला स्वतःलाही नीट आठवत नाही. कादरी सरांनी शिट्टी वाजवली, माझं नाव वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "मेस में गोश्त खाता क्या?"

मी धावत लिंबापाशी गेलो. सर उठून उभे राहिले. मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी दंडाला धरून उभं केलं.

"आरं, गुडघ्याला लागलंय की," ते म्हणाले, आणि खिशातला रुमाल काढून माझ्या गुडघ्यावरची माती पुसू लागले.

घरी येऊन मी बाला पत्रातला मजकूर सांगितला, जसाच्या तसा. दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला सदरा घालून तो सरांच्या घरी गेला. तिथे काय बोलणं झालं हे दोघांनीही कधी सांगितलं नाही. सरांच्या पत्नी पुढे मला म्हणाल्या, "दोघं बी अर्धा घंटा बसले. बैलांवरच बोलत होते."

सगळ्यांचं असं झालं नाही. त्या संघातले आम्ही चौघं दहावीत होतो. सर बाकीच्या तिघांनाही घेऊन गावोगाव हिंडले. एकाला परभणीला प्रवेश मिळाला. एकानं शाळा सोडून किराणा दुकान टाकलं. श्रीरंगला कुठेच जागा मिळाली नाही. तो मोंढ्यात तोलाईच्या कामाला लागला आणि पुढे त्याचं बरं चाललं, पण सरांशी तो आयुष्यभर बोलला नाही. सर बाजारात दिसले की रस्ता बदलायचा. सरांनी त्याबद्दल तक्रार केली नाही. एकदाच म्हणाले, "त्याचं खरं हाय. माझं खरं त्याला महागात पडलं."

मी नांदेडला पाच वर्षं काढली, विद्यापीठाच्या संघातून दोनदा खेळलो, बी.ए. झालो आणि बँकेत खेळाडूंच्या जागेवर नोकरीला लागलो. धाकट्या दोन्ही बहिणी शिकल्या. दर दिवाळीला मी सरांना पोस्टकार्ड टाकत राहिलो, कॉलेज सुटल्यावरही.

सर निवृत्त होऊन गावी शेतावर राहू लागले, तेव्हा मी त्यांना भेटायला गेलो होतो. ती शेवटची भेट ठरणार हे माहीत नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, जाड चष्मा लागला होता. आम्ही बांधावर बसलो. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते मी विचारलं.

"सर, त्या दिवशी वही सापडली, तेव्हा तिथं कोण होतं?"

"कुनीच न्हाई. कारकून जेवायला गेलता."

"मग?"

सरांनी हातातली काठी मांडीवर आडवी ठेवली.

"मंग काय. मी पान धरलं होतं. असं," त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं. "फाडनार होतो, सिद्धार्थ. खोटं कामून बोलू. जुना कागद, नुसता वढला आस्ता तर हातात आला आस्ता. खिशात घालून भाईर पडलो आस्तो. कुनाच्या बापाला कळलं नसतं."

त्यांना मी आयुष्यभर एक सरळ रेघ समजत आलो होतो.

"मंग फाडलं का न्हाई?"

"त्या पानावर तू येकटा नव्हतास," सर म्हणाले. "तुझ्या वर-खाली आनखी सात लेकरं होती. कुनाची पोरगी, कुनाचं काय. गरिबाचीच सगळी. त्यातल्या कुनाला कदी दाखला लागला आस्ता, आन् तिथं पानच नसतं. मी म्हनलं, येका पोराला कालेजात घालायला सात लेकरं जन्मालाच आली न्हाईत असं करायचं का?"

आणि पुढे म्हणाले, "तुझं येकट्याचं पान आस्तं ना, तर मी फाडलं आस्तं. हे बी तुला ठाव असू दे."

मग त्यांनी माझ्या मुलीची चौकशी केली, ती कुठे शिकते, खेळते का. खेळते म्हटल्यावर कोणत्या जागेवर, ते विचारलं. मी गोलकीपर म्हणून सांगितलं. सर काठी टेकत उठले आणि घराकडे चालू लागले, आणि चालता चालता पोरींचे संघ कोणकोणत्या कॉलेजांत आहेत आणि तिथली कोणती गोलकीपर यंदा फायनलला आहे, हे मला सांगू लागले.